मोहल्ला कमिटी: भिवंडीत रुजलेला प्रयोग

गणपती किंवा ईद तोंडावर आली की मुंबई-ठाण्यातल्या पोलीस ठाण्यांत मोहल्ला कमिटीच्या बैठका लागतात. मिरवणुकीचा मार्ग, स्पीकर, कुठल्या नाक्यावर किती कार्यकर्ते उभे राहणार, हे सगळं तिथे ठरतं. ही पद्धत कुठून आली हे समजायला भिवंडीकडे वळावं लागतं.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी भिवंडीत दंगल उसळली आणि पाठोपाठ जळगाव, महाडही पेटले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. तरी मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि आग ठाणे-मुंबईत पोचली. शांतता समित्या तेव्हाही होत्या, पण त्यांत मुख्यतः पुढारी बसायचे आणि सण आला की त्यांची आठवण व्हायची.

ऐंशीचं दशक संपता संपता सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी वस्तीवस्तीत हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या कमिट्या बांधल्या. भर पुढाऱ्यांवर नव्हता, गल्लीत राहणाऱ्या साध्या माणसांवर होता. यंत्रमागाच्या या गावात सूत विकणारा एका धर्माचा, माग चालवणारा दुसऱ्या धर्माचा, हे रोजचंच. दंगलीत माग बंद पडला की दोघांचीही चूल विझते. कमिटीत बसणाऱ्याला शांततेचं महत्त्व भाषणातून समजावून सांगायची गरज नव्हती. मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: या बैठका दंगलीची वाट पाहत नव्हत्या. शेजाऱ्यांची भांडणं, गल्लीतला तंटा, उडालेली अफवा असे किरकोळ विषयही तिथे यायचे. बीटचा हवालदार लोकांना नावानिशी माहीत झाला आणि लोक त्याला.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत दोन टप्प्यांत भीषण दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. जिच्या नावाने सगळ्यांना धडकी भरायची ती भिवंडी मात्र शांत राहिली.

मुंबईने हा धागा उचलला. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतली पोरं एकत्र क्रिकेट खेळू लागली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी झटत राहिली. ‘हम सब एक हैं’ असं लिहिलेलं, हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन पोशाखातल्या चार मुलांचं त्यांचं पोस्टर अनेकांनी पाहिलं असेल.

पुढे २००४ च्या सुमारास ए. एन. रॉय आयुक्त असताना झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम यांच्या संघटनेबरोबर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पोलीस पंचायती सुरू झाल्या. त्यांची सुरुवात आधी पुण्यात झाली होती. पंचायतीत सात बायका, तीन पुरुष आणि सोबत एक पोलीस. दारू पिऊन मारणारा नवरा, पाण्यावरून झालेली हाणामारी अशी प्रकरणं वस्तीतच मिटवायची. बायकांचं बहुमत ठेवलं हे फार बरं केलं, कारण ठाण्याची पायरी चढायची सर्वांत जास्त भीती त्यांनाच असते.

हे काम मात्र एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभं असतं आणि त्याची बदली झाली की ते सुटत जातं. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस आमनेसामने आले. पोलीस गोळीबारात माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चौदा वर्षांपूर्वी संयम दाखवणारं गाव तेच होतं. कमिट्या जोमात असत्या तर हा वाद आधीच बैठकीत आला असता, असं मला ठामपणे वाटतं.

संवाद चालू असला की काय होतं याचा अलीकडचा दाखला २०२३ चा. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईत ईदची मिरवणूक काढणाऱ्या खिलाफत कमिटीने आपला जुलूस २९ तारखेला काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने ईदची सुट्टीही त्या दिवशी हलवली.