फेकलेल्या टाइलची साक्ष

जपानी माहजाँग, म्हणजेच रीची माहजाँग हा चौघांनी खेळायचा टाइलचा खेळ, शिकताना माणूस हमखास वैतागतो तो ‘फुरितेन’च्या नियमाला. जिंकायला हवी असलेली टाइल तुम्ही आधी स्वतःच फेकलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर तुम्हाला जिंकता येत नाही. भिंतीतून, म्हणजे पालथ्या रचलेल्या टाइलमधून, स्वतः ओढलीत तरच हात लागतो. नियम आडमुठा वाटतो खरा, पण माझ्या मते खेळातली निम्मी गंमत त्याच्यामुळेच आहे.

बाकीचं रमी खेळणाऱ्यांना पटकन उमगेल. हातात 13 टाइल, एक ओढायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी जमली की हात पूर्ण. सोबत ‘याकू’ नावाची किमान एक ठरलेली अट पुरी व्हावी लागते; नवखे तिथे अडखळतात. एकूण टाइल 136, प्रकार 34, प्रत्येकी चार.

समजा, एकाच टाइलची वाट पाहताय आणि हातात वर्तुळांचे (पत्त्यांतल्या रंगासारखा टाइलचा एक प्रकार, 1 ते 9) 5-6 आहेत. 4 किंवा 7 चालेल, म्हणजे जास्तीत जास्त आठ टाइल. त्याऐवजी 6-8 असेल तर फक्त 7, म्हणजे चारच. साहजिकच जो तो दोन्ही टोकांना वाढू शकणाऱ्या लागोपाठच्या टाइल धरू पाहतो.

आता फुरितेनकडे. इथे फेकलेल्या टाइल मधल्या ढिगात जात नाहीत. प्रत्येकजण आपल्यापुढे त्या क्रमाने, सहा-सहाच्या रांगेत मांडतो. समोरच्याने 1000 गुण लावून ‘रीची’ पुकारली, म्हणजे त्याला एकच टाइल हवी आहे. त्याच्या रांगेत वर्तुळांची 4 दिसतेय. 4 वर तो जिंकूच शकत नाही, हे नक्की. पण त्याच्याकडे 5-6 असले तर 7 वरही नाही, कारण त्याला चालणाऱ्या दोन टाइलपैकी एक त्यानेच टाकलेली आहे. 2-3 असले तर 1 चंही तेच. एका 4 ने तीन टाइलबद्दल साक्ष दिली! या तर्काला खेळाडू ‘सुजी’ म्हणतात. जिंकणारी टाइल टाकणारा एकटाच सगळे गुण भरतो, त्यामुळे हा हिशोब चुकवून चालत नाही.

अर्थात साक्ष फिरवताही येते. हातात 4-6-8 असताना 4 टाकून रीची पुकारायची आणि नेमकी 7 ची वाट पाहायची. फुरितेन आड येत नाही, कारण 4 हवीच नाहीये. चारच टाइलवर भिस्त, पण समोरचे निर्धास्तपणे 7 टाकतात.

दुसऱ्यांचे हात झाकलेले असल्यामुळे संगणकालाही हा खेळ बुद्धिबळाहून वेगळ्या कारणाने जड गेला. मायक्रोसॉफ्टच्या आशियातल्या संशोधकांचा प्रोग्रॅम 2019 मध्ये ‘तेन्हो’ या जपानी ऑनलाइन मंचावर ‘10 दान’ या अव्वल खेळाडूंच्या दर्जाला पोहोचला. सराव देताना आधी त्याला सगळ्यांचे झाकलेले हात दाखवले, मग ती माहिती हळूहळू काढून घेत गेले.