नाशिकला छापलेल्या पाकिस्तानी नोटा

पाकिस्तानच्या पहिल्या नोटांचा माग काढत निघालेला संग्राहक शेवटी नाशिकरोडलाच येऊन पोचतो. फाळणी झाली तेव्हा त्या देशाकडे ना मध्यवर्ती बँक होती, ना नोटांचा छापखाना. नाशिकला मात्र १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या. त्यामुळे सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचं चलन सांभाळायचं, असं ठरलं.

या काळासाठी १, २, ५, १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा नाशिकला छापल्या गेल्या आणि १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात चालू झाल्या. दोनची जांभळी नोट हातात घेऊन पाहा. भारतीय नोटेवरचा राजा सहावा जॉर्ज तोच, 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया' हे नावही तसंच. फक्त जलचिन्हाच्या पांढऱ्या जागेत वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' एवढी भर. मागच्या बाजूला काहीच बदल नाही. आणि सही चिंतामणराव देशमुखांची! महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या, रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची. ती सही पाकिस्तानच्या नोटेवर पाहताना मला दर वेळी भरून येतं.

संग्राहक या नोटांना सरसकट 'ओव्हरप्रिंट' म्हणतात, पण ते बरोबर नाही. हा मजकूर छापून झालेल्या नोटेवर नंतर उमटवलेला नाही, तो छपाईच्या प्लेटवरच कोरून घेतला होता. हा फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण साध्या भारतीय नोटेवर मागाहून ठसा मारून ती 'पाकिस्तानी' म्हणून खपवता येते. म्हणून भिंगाखाली आधी ती अक्षरं तपासावीत, नोट कोरी आहे की घडी पडलेली हे नंतर. टाचणीच्या भोकांनी नाराज होऊ नये. बँकांत गड्ड्या टाचूनच ठेवत, त्यामुळे न वापरलेल्या नोटेलाही भोकं असतात.

रिझर्व्ह बँकेने दोन्ही देशांचं चलन सांभाळायची व्यवस्था ठरल्याप्रमाणे टिकली नाही. अविभाजित भारताच्या रोख शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या ७५ कोटींपैकी २० कोटी आधीच दिले होते. उरलेले ५५ कोटी काश्मीरमधल्या लढाईमुळे भारताने अडवले आणि गांधीजींच्या उपोषणादरम्यान, जानेवारी १९४८ मध्ये, देऊ केले. या वादात दोन्ही बाजूंचा विश्वास उडाला आणि रिझर्व्ह बँकेची जबाबदारी तीन महिने आधीच, ३० जूनला संपली. १ जुलैला कराचीत जिनांनी पाकिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचं, म्हणजे स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचं उद्घाटन केलं. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या डी ला रू कंपनीने छापलेल्या ५, १० आणि १०० च्या नव्या नोटा आल्या. त्यांच्यावर राजा नव्हता, चांदतारा होता.