भुरी की केवडा? फवारणीआधी पान उलटून बघा

अ‍ॅक्वापोनिक्सच्या बागेत, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर झाडं वाढवतात तिथे, पानावर पांढरं काही दिसलं की हात लगेच फवारणीच्या बाटलीकडे जातो. आधी थांबा आणि ती भुरी आहे की केवडा, या दोन रोगांपैकी कोणता, हे ठरवा, कारण एकावर चालणारा उपाय दुसऱ्याला पोसतो. शिवाय इथे चुकलेली फवारणी नुसती वाया जात नाही, ती थेंबाथेंबाने माशांच्या टाकीत उतरते.

घोळ नावापासूनच आहे. केवड्याला तंतुभुरी असंही म्हणतात, त्यामुळे तो भुरीचाच एखादा प्रकार वाटतो. तसं नाही. भुरी ही खरी बुरशी. केवड्याचा जीव बुरशीसारखाच तंतू काढतो, बीजाणू सोडतो, पण त्याचं नातं बुरशीपेक्षा तपकिरी शेवाळांशी जवळचं आहे. पाण्याची ओढ त्याच्या अंगातच आहे. पान काही तास ओलं राहिल्याशिवाय त्याला आत शिरता येत नाही. भुरीचं उलट: हवा दमट हवी, पण पान कोरडं. साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत, बरेचसे मरतात. बाकी सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो.

काकडीच्या पानावर भुरी आली की पीठ भुरभुरल्यासारखे गोल ठिपके दिसतात, बहुतेक वेळा वरच्या बाजूला. बोट फिरवलं की पीठ बोटाला लागतं आणि खालचं पान सुरुवातीला तरी हिरवंच असतं. बुरशी पृष्ठभागावर पसरते आणि फक्त वरच्या पेशींत शोषक मुळं रोवते. ती उघड्यावर असते, म्हणून फवारा तिच्यापर्यंत पोचतो.

केवडा पानाच्या आत राहतो. काकडीवर वरून पिवळे, कोनाकोनाचे डाग दिसतात, कारण शिरा त्याला अडवतात. पान उलटलं तर त्याच डागांच्या मागे करडी-जांभळी लव असते. लेट्यूसवर मात्र ही लव पांढरी असते आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पांढरं दिसतं म्हणून भुरी ठरवलं जातं. वर पिवळा डाग आणि बरोबर त्याखाली पांढरी लव असेल तर तो केवडा.

बेसिलच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. पानं पिवळी पडायला लागली, अ‍ॅक्वापोनिक्समध्ये लोह कमी पडतंच, म्हणून मी लोह घातलं आणि वाट बघत बसलो. आठवड्याने पानं उलटली तेव्हा खाली काजळी सांडल्यासारखा थर होता. लोह कमी असेल तर आधी कोवळा शेंडा पिवळा होतो आणि बारीक शिरासुद्धा हिरव्या उठून दिसतात. केवड्यात मोठ्या शिरांमधले पट्टे पिवळे पडतात, तेही थोराड पानांवर.

शंका राहिलीच तर एक सोपी परीक्षा आहे. संशयित पान ओल्या टिश्यू कागदाबरोबर डब्यात ठेवा, झाकण लावा आणि रात्रभर अंधारात राहू द्या. केवडा असेल तर सकाळी पिवळ्या डागाखाली ताजी लव उगवलेली दिसण्याची चांगली शक्यता असते. काल काहीच नव्हतं तिथे मखमल पसरलेली बघून पहिल्यांदा मी चकितच झालो होतो.

आता उपाय. भुरीवर दूध खरंच काम करतं. ब्राझीलमध्ये संशोधक वाग्नर बेत्तिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर केलेले प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा टक्के किंवा त्याहून जास्त दुधाचा फवारा तिथे रासायनिक बुरशीनाशकाच्या तोडीला उतरला. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा-दोनदा, सकाळच्या उन्हात, म्हणजे पान लवकर वाळतं. पण दूध टाकीत गळू देऊ नका, ते कुजून अमोनिया वाढवतं.

माझी जास्त पसंती पोटॅशियम बायकार्बोनेटला आहे. लिटरला साधारण पाच ग्रॅम. ते भुरीचे तंतू सुकवतं आणि चार थेंब पाण्यात पडले तरी बिघडत नाही. या पद्धतीत पोटॅशियम नेहमीच तोकडं असतं आणि सामू (पीएच) घसरला तर वर आणायलाही हेच वापरतात. त्याऐवजी खाण्याचा सोडा मात्र नको. त्यातलं सोडियम झाडं फारसं उचलत नाहीत, ते पाण्यात साठत जातं.

भुरीच्या पानांवर छोटे पिवळे ढालकिडे फिरताना दिसले तर त्यांना हात लावू नका. ढालकिड्यांच्या काही जाती मावा नाही, भुरीच खातात.

केवड्यावर दूध किंवा बायकार्बोनेट मारून फारसं काही हाती लागत नाही. रोग आत बसलेला असतो, आणि संध्याकाळची फवारणी म्हणजे त्याला हवा असलेला ओलावा आपणच देणं. इथे लढाई रात्रीच्या हवेशी आहे. रोपं धरून पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्याखालचं पाणी कोमट, वरची हवा गार, की पहाटे पानांवर दव धरतं. म्हणून टाकीवर झाकण घाला, रोपांमधलं अंतर वाढवा आणि छोटा पंखा रात्रभर चालू ठेवा. दिवसा चालवून रात्री बंद करणं म्हणजे नेमकी उलटी गोष्ट. बेसिलवरचा केवडा बीजाणू अंधारातच धरतो, त्यामुळे घरातल्या बागेत रात्री दिवा चालू ठेवला तरी त्याला चाप बसतो. रोगट पानं लव धरण्याआधी पिशवीत घालून बाहेर काढा. बॅसिलस सबटिलिस जिवाणूची फवारणी निरोगी पानांवर आधीपासून केली तर थोडी मदत होते, रोग बसल्यावर नाही. लेट्यूसचं बी घेताना पाकिटावर ‘बीएल’ आणि पुढे आकडे आहेत का ते बघा; केवड्याच्या कोणत्या वंशांना ते वाण दाद देत नाही ते त्यावरून कळतं.

केवड्यावरचं जुनं औषध म्हणजे १८८५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी द्राक्षवेलींसाठी पुढे आणलेलं बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. जमिनीवरच्या सेंद्रिय शेतीत ताम्रयुक्त औषधं अजूनही चालतात. माशांच्या पाण्यात तांबं नको म्हणजे नकोच. ते कल्ल्यांवर घाव घालतं आणि पाणी मृदू असेल तर फार थोडंही जीवघेणं ठरतं. कडुनिंबाचं तेलही माशांना बाधतं, आणि ते पाण्यात मिसळायला वापरलेला साबण कल्ल्यांना त्याहून त्रास देतो. झाडातून आलेलं आहे म्हणून माशांना चालेल, असा हिशेब करू नका.

एकाच काकडीवर दोन्ही आले तर आधी केवड्याची पानं खुडायची आणि रात्रीची हवा सुधारायची. भुरीवरचा फवारा सकाळीच मारायचा, तोही पान दुपारपर्यंत ठणठणीत वाळेल अशा दिवशी. तराफा उचलता येत असेल तर पाण्यापासून लांब नेऊन फवारा, निथळू द्या आणि मुळं सुकायच्या आत परत ठेवा.