४५ हा आकडा आला कुठून?

विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात आला की नायट्रेटपुढे, म्हणजे खतातून आणि मैल्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगापुढे, एक मर्यादा छापलेली दिसते: लिटरला ४५ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० काही घटकांना थोडी सूट देतं. नायट्रेटला अजिबात नाही. या कडकपणाचं मूळ अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, तान्ह्या बाळांच्या आजारात आहे.

१९४५ साली तिथल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी शेतवस्तीवरची दोन बाळं निळी का पडली, याचा माग काढला. कारण सापडलं ते दूध कालवायला वापरलेल्या विहिरीच्या पाण्यात. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, त्याने रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन बनतं, आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. १९५१ मध्ये अमेरिकाभरच्या अशा नोंदी गोळा झाल्या: २७८ बाळं आजारी, त्यातली ३९ दगावलेली. नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनच्या हिशेबात लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत मात्र एकही नोंद नव्हती. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजेच सुमारे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. १९६२ मध्ये अमेरिकेने तेच मानक धरलं. जागतिक आरोग्य संघटना ५० धरते.

म्हणजे हा आकडा बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळाला वाचवण्यासाठी ठरला. तेच पाणी चाळीस वर्षं पिणाऱ्या माणसाचा विचार त्यात नव्हता, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात या मर्यादेच्या कितीतरी खालच्या पातळीवरही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध दिसला.

मर्यादा ठरली, पण पाणी तिच्या आत ठेवायचं कसं? त्याचा धडाही आयोवातच मिळतो. राजधानी डे मॉइन शहर रॅकून आणि डे मॉइन या नद्यांचं पाणी पितं. वरच्या अंगाला मका-सोयाबीनची शेतं आहेत आणि त्यांच्या पोटात निचऱ्याचे पाइप. पावसाबरोबर खत थेट नदीत उतरतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणीपुरवठा संस्थेने पाण्यातलं नायट्रेट काढणारा आयन-विनिमयाचा प्रचंड प्रकल्प उभारला. २०१५ मध्ये तिने वरच्या तीन काउंटींच्या (जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) निचरा मंडळांवर, म्हणजे शेतांतले हे पाइप सांभाळणाऱ्या संस्थांवर, खटला भरला. तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. जून २०२५ मध्ये तर शुद्धीकरण पुरं पडेना, म्हणून लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली.

आपल्याकडे पाइपांऐवजी काळ्या मातीखालचा भेगाळ बेसाल्ट आहे. युरिया, उकिरडा, संडासाचे खड्डे, सगळ्यांचं पाणी त्याच विहिरीकडे झिरपतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे जिल्हे ठळकपणे पुढे आले.

ग्रामपंचायतीच्या हाताशी असतं तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर). गढूळपणा आणि जंतूंवर ती चालतात, नायट्रेटवर नाही. पाणी उकळलं तर नायट्रेट उलट दाट होतं. कमी नायट्रेटचं पाणी मिसळणं हा सर्वांत स्वस्त उपाय, पण त्यासाठी दुसरा चांगला स्रोत लागतो. आरओ यंत्र नायट्रेट काढतं, पण नष्ट करत नाही. उरलेल्या खारट पाण्यात ते साठून राहतं, आणि हे पाणी बाजूच्याच नालीत सोडलं, तर पुन्हा त्याच विहिरीच्या दिशेने मुरतं.