तेरीज जुळली, पण समजलं का?

वाणिज्य शिकवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकाचं काम कसं चाललंय हे ठरवताना माध्यमिक शाळा बहुधा दोनच गोष्टी पाहतात: त्याची पदवी आणि त्याच्या वर्गाचा निकाल. दोन्ही पाहायला हव्यातच. पण शिक्षकाचं सर्वांत मोलाचं काम नेमकं या दोहोंतून निसटतं.

बँकेत पैसे भरले की आपल्या पुस्तकात बँक खातं नावे (डेबिट) करायचं, हे मुलं शिकतात. मग कुणीतरी पासबुक उघडून पाहतं, तर तीच रक्कम जमा (क्रेडिट) बाजूला! ‘पासबुकात उलटं असतं, लक्षात ठेवा’ असं सांगून शिक्षकाला पुढे जाता येतं. किंवा तो थांबून विचारू शकतो, ‘पासबुक ही कुणाच्या वहीची नक्कल आहे?’ वही बँकेची आहे आणि बँक ते पैसे ग्राहकाला देणं लागते, म्हणून जमा; एवढं मुलांनी स्वतः ओळखलं की बँक जुळवणी पत्रक (आपली वही आणि पासबुक यांतला फरक जुळवणारा तक्ता) आणि अधिकर्ष (ओव्हरड्राफ्ट) त्यांना पाठ करावे लागत नाहीत. त्या धड्याच्या चाचणीत मात्र दोन्ही वर्गांना सारखेच गुण पडू शकतात.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 साली या कौशल्याकडे लक्ष वेधलं. विषय येणं वेगळं, वर्ग सांभाळता येणं वेगळं. आणि या विषयात मुलं कुठे अडखळतात, का अडखळतात, तिथे कोणतं उदाहरण कामाला येतं, हे ज्ञान आणखी वेगळं. यंत्राची वापराने घटणारी किंमत खर्च म्हणून नोंदवणं म्हणजे घसारा; पण तो म्हणजे यंत्रासाठी दरवर्षी बाजूला काढून ठेवलेले रोख पैसे, असं अनेक मुलांना वाटतं. हा गैरसमज आधीच ओळखणारा शिक्षक पहिल्याच तासाला विचारतो, ‘घसाऱ्याची नोंद केली, तर गल्ल्यातले किती पैसे कमी झाले?’ माझ्या मते, प्रशिक्षणाचा खरा कस इथे लागतो.

निकालावरून शिक्षक जोखण्याची सुधारित पद्धतही आहे. मुलांचे आधीचे गुण हिशेबात घेऊन त्यांच्या प्रगतीत शिक्षकाचा वाटा किती, याचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधतात. गणितात हे जमतं, कारण मागच्या वर्षांचे गुण हाताशी असतात. पुस्तपालन हा विषय अनेक ठिकाणी माध्यमिक टप्प्यावरच नव्याने सुरू होतो. मग आधीचे गुण आणायचे कुठून? गणिताचे आणि भाषेचे गुण वापरता येतात, पण तो आधार कच्चा. त्यात वर्ग पंचवीस-तीस मुलांचा असला, तर चार-पाच जणांच्या आजारपणानेही आकडा हलतो. अशा एका वर्षाच्या आकड्यावर शिक्षकाची बढती ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

चालू परीक्षेचे गुण फसवे ठरू शकतात, याचा एक ठोस पुरावा 2010 साली पुढे आला. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी अमेरिकन हवाई दल अकादमीतला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे विद्यार्थ्यांची प्राध्यापकांकडे वाटणी यादृच्छिक पद्धतीने होत असे आणि परीक्षा सर्वांची एकच. काही प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना त्या अभ्यासक्रमात चांगले गुण पडले, त्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी पसंतीही दिली. पण पुढच्या, त्याच पायावर उभ्या अभ्यासक्रमांत सरासरीने हे विद्यार्थी मागे पडले. अनुभवी प्राध्यापकांच्या बाबतीत चित्र साधारण उलट दिसलं. ते महाविद्यालयीन वर्ग होते, तेव्हा निष्कर्ष शाळेला जसाच्या तसा लावू नये. तरी लेखाकर्मही पायरीपायरीने चढणारा विषय आहे. किर्द (व्यवहारांची पहिली नोंद) कच्ची राहिली की खतावणी (त्या नोंदी खात्यांवर उतरवणं) कोसळते.

मग वर्गात जाऊन बसावं का? जरूर, पण एकट्यादुकट्याने नव्हे. सुमारे 3000 शिक्षकांचा सहभाग असलेल्या, 2009 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रकल्पात दिसलं की त्याच निरीक्षकाला आणखी एक तास पाहायला लावण्यापेक्षा दुसरा निरीक्षक आणल्याने अंदाज जास्त भरवशाचा होतो. शिवाय निरीक्षकाला लेखाकर्म येत असलं पाहिजे. नाहीतर खणखणीत आवाज, नेटका फळा आणि शांत वर्ग यांनाच गुण मिळतात.

निरीक्षकाने मुलांशीही बोलावं. कार्यालयासाठी घेतलेलं फर्निचर चुकून विक्रीच्या मालासाठी असलेल्या खरेदी खात्यात लिहिलं आहे, असा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, अगदी बरोबर जुळते. ‘म्हणजे हिशेब बरोबर?’ जिथे शिकवणं मुरलं आहे, तिथलं एखादं मूल सांगेल की नफा कमी दिसतोय आणि ताळेबंदातली मालमत्ताही. हाच प्रश्न धडा संपल्यावर तीन महिन्यांनी विचारला, तर उत्तर आणखी बोलकं ठरतं.

अशी निरीक्षणं अनेक शाळांतून गोळा झाली की आणखी एक गोष्ट दिसू लागते. एकाच वर्गात घसारा कळलेला नसेल, तर त्या शिक्षकाशी बोलावं. पण एकाच प्रशिक्षण संस्थेतून आलेल्या बहुतेक शिक्षकांचे वर्ग तिथेच अडत असतील, तर तपासायला हवा तो त्या संस्थेचा अभ्यासक्रम: भावी शिक्षकांनी मुलांच्या चुकलेल्या वह्या किती हाताळल्या, प्रत्यक्ष वर्गावर पाठ किती घेतले, आणि त्या पाठांनंतर विषय जाणणारं कुणी त्यांच्याशी बोललं का.