देवी गावाची, जोण मुलग्यांचा

गोव्यात सातेरी देवीच्या जुन्या देवळात गाभाऱ्यात बहुधा रोयण, म्हणजे वारूळ, असते. वारुळाच्या मातीला साडी नेसवलेली, वर चांदीचा मुखवटा. पुष्कळ गावांत तीच ग्रामदेवता. तिचा कौल घेतल्याशिवाय गावाचे पान हलत नाही. पण त्याच गावाच्या गावकरीत, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावकारांच्या संस्थेत, बाईला जागा नव्हती. हे कोडे समजून घ्यायला मला दामोदर धर्मानंद कोसंबींइतकी मदत कुणाची झाली नाही.

कोसंबी 1907 साली गोव्यात जन्मले. पेशाने गणिती. इतिहासाकडे वळल्यावर त्यांनी पोथ्यांइतकाच भरवसा पायपिटीवर ठेवला. 1962 सालच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त ते मातृदेवतांच्या ठाण्यांचा माग काढतात. त्यांची मांडणी अशी: कंदमुळे गोळा करणाऱ्या, कुदळीने जमीन उकरणाऱ्या समाजात बाईच्या श्रमाला वजन होते, म्हणून देवीही एकटी, नवऱ्याविना. नांगर आला, शेती पुरुषाकडे गेली, वारसा बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. मग देवींची लग्ने लागली. म्हसोबा कुठे देवीच्या हातून मरतो, कुठे तिचाच नवरा होतो. बाईचे स्थान निसर्गाने ठरवलेले नाही, पोट भरण्याच्या रीतीबरोबर ते बदलत गेले, हे त्यांनी दगडाला फासलेल्या शेंदरावरून दाखवले. प्रत्येक एकट्या देवीमागे मातृसत्ता होतीच, असे मात्र मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा हाती नाही.

त्याच पुस्तकात जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी गोव्यात आधी जिंकलेल्या मुलखातल्या, गावकरीवरही लेख आहे. गावकरीच्या चालीरीती पोर्तुगिजांनी 1526 च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, नोंदवून घेतल्या. जमीन सामाईक, बांधबंदिस्ती सामाईक, शेते लिलावाने कसायला द्यायची, खर्च वजा जाता उरेल ते वाटून घ्यायचे. हा वाटा म्हणजे जोण. परंपरेने तो गावकाराच्या मुलग्यांनाच. लेक लग्न होऊन परगावी जाणार, हेच गृहीत.

पुढे 1870 पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली. मुलगा-मुलगी समान वारस, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. भारतात इतरत्र लेकींना असा हक्क मिळायला फार काळ जावा लागला, म्हणून गोव्याचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण 1880 च्या हुकूमनाम्याने हिंदूंच्या काही रूढी राखल्या. पत्नीला 25 व्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा 30 व्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा. मुलग्यासाठी जीव टाकणारी जोणाचीच नजर इथे कायद्याच्या भाषेत आली.

कोसंबींची कन्या मीरा कोसंबी (1939–2015) समाजशास्त्रज्ञ. पंडिता रमाबाईंचे लेखन इंग्रजीत आणून त्यांनी बायकांचे स्वतःचे शब्द पुढे ठेवले. वडिलांच्या मांडणीत मला तीच उणीव जाणवते: देवी दिसते, बाई बोलत नाही.

माझ्या आत्याने नोटरीसमोर माहेरच्या मालमत्तेवरचा हक्क सोडल्याच्या दस्तावर सही केली तेव्हा मी शेजारी उभा होतो. “माहेर तुटता नये,” एवढेच ती म्हणाली. दिवजांच्या उत्सवाच्या रात्री डोक्यावर दिवज, म्हणजे पेटता दिवा, घेऊन ती याच गावच्या सातेरीभोवती फेऱ्या घालते.