लाकडी मूठ की रबरी? बत्तीस बोअरच्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारी माणसं तशी मोजकीच. पण दोघं भेटले की बोलणं हटकून मुठीवर येतं. एकाचं म्हणणं, शिसवी मुठीचा रुबाब रबराला कुठून येणार? दुसरा म्हणतो, रुबाब कपाटात ठेवा, घामेजल्या हातातून लाकूड निसटतं. गंमत अशी की दोघांच्या तोंडचे बरेचसे मुद्दे त्यांच्या कमरेच्या हत्याराला लागूच होत नाहीत. ते मुद्दे अमेरिकेतल्या मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीच्या, काडतुसांनी जन्माला घातले आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून इकडे आले.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. सॅम्युअल कोल्टनं १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं तेव्हा मूठ म्हणजे लाकूडच, आणि लाकूड म्हणजे बहुधा अक्रोड. अक्रोड फार जड नाही, वाळल्यावर सहसा वाकत नाही, आणि त्यावर बारीक रेघांची जाळी कोरली तरी कडा ढासळत नाहीत. हात घसरू नये म्हणून ही जाळी. रुबाब नंतर आला.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोल्ट आणि इंग्रज रॉबर्ट अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरं समोरासमोर आली, आणि सहा वर्षांत दोन्ही बनावटी हिंदुस्थानात लढताना दिसल्या. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी उठाव केला. त्या काळात कंपनीचे गोरे अधिकारी कमरेचं हत्यार स्वतःच्या पैशानं विकत घेत. त्यामुळे कुणाकडे कोल्ट, कुणाकडे अ‍ॅडम्स. मूठ मात्र लाकडीच.

रबर आलं ते मऊपणासाठी नव्हे, हे आज कुणाच्या ध्यानात येत नाही. चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून रबर पक्कं करण्याचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं. त्याचा भाऊ नेल्सन यानं १८५१ मध्ये गंधकाचं प्रमाण बरंच वाढवून दगडासारखं कडक रबर केलं. तेच एबोनाइट किंवा व्हल्कनाइट. जुन्या काळ्या शाईपेनांची कांडी ज्याची असे तेच हे. हात लावला तर गार आणि गुळगुळीत. धक्का सोसण्याचा गुण त्यात नावालाही नाही. कारखानदारांना ते आवडलं, कारण साच्यात दाबलं की नक्षीसकट मूठ तयार. कोरणाऱ्या कारागिराची मजुरी वाचली. १८७३ चं कोल्टचं गाजलेलं रिव्हॉल्व्हर अक्रोडाच्या मुठीनं सुरू झालं आणि १८८० च्या दशकात त्यावर गरुड उमटवलेली कडक रबराची मूठ आली. ब्रिटिश लष्करानं १८८७ मध्ये वेब्ली या इंग्रज कंपनीचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं, त्याच्याही मुठीवर व्हल्कनाइटचीच पानं. म्हणजे ‘आमच्या आजोबांच्या वेळी सगळं लाकडीच असायचं’ हे वाक्य वेब्ली वापरलेल्या घराण्यानं तरी बोलू नये. अशी जुनी मूठ उन्हात राहिली की काळ्याची तपकिरी होते. पुष्कळजण तिला लाकूड समजतात ते त्यामुळेच.

संस्थानिकांची तऱ्हा वेगळी. हस्तिदंत, सांबरशिंग, चांदीचं काम. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जुनी शस्त्रं आणि शिकारीच्या खुणा एकाच छताखाली बघायला मिळतात. त्या काळी मूठ हीही शिकारीच्या ऐटीचाच भाग होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे त्यातल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, सांबरशिंगांचाही. अमेरिकेत आजही ‘इंडियन सांबर’च्या जुन्या मुठींना भाव मिळतो. इथे मात्र तसली मूठ नव्यानं करून घेण्याचा विचारही कुणी करू नये.

खरा वाद १९३५ नंतरचा. त्या वर्षी स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीनं .३५७ मॅग्नम काढलं, १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम. रिव्हॉल्व्हरची नळी हाताच्या बरीच वर असते, त्यामुळे गोळी सुटताना धक्का सरळ मागे न जाता हत्यार वर उचलतो आणि मूठ तळहातात फिरते. जुन्या लाकडी मुठी वरच्या बाजूला निमुळत्या. चापाच्या कडीमागे तिथे एक पोकळी राहते, आणि दर गोळीला ती कडी मधल्या बोटाच्या पेरावर आपटते. पन्नास गोळ्यांनंतर ते पेर किती ठणकतं हे झाडणाऱ्यालाच माहीत. आधी लोकांनी ती पोकळी बुजवायला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा बसवून पाहिला. स्मिथ अँड वेसननं टार्गेटसाठी जाडजूड लाकडी मुठी दिल्या. मग लॉस एंजेलिसच्या पॅकमायरनं धातूच्या पट्टीवर निओप्रीन हे कृत्रिम रबर चढवलेल्या मुठी बाजारात आणल्या. हे खरं मऊ रबर. पोकळी भरली, काहींत पाठीमागचा पोलादी कणाही झाकला गेला. अमेरिकी पोलिसांनी त्या उचलल्या. १९८५ च्या सुमारास रुगर कंपनीनं जीपी १०० हे रिव्हॉल्व्हर काढताना मुठीची पोलादी चौकटच काढून टाकली, नुसती खुंटी ठेवली आणि तिच्यावर रबर चढवलं. दोन्ही बाजूंना लाकडाच्या चकत्या मात्र ठेवल्या. लाकूडवाल्यांची समजूत घातली म्हणा. १९९० च्या दशकात कारखान्यातूनच रबरी मूठ येणं ही नेहमीची गोष्ट झाली.

आता आपल्याकडे या. शस्त्र नियमांनुसार .३८० आणि .४५५ ची काडतुसं, तसंच लष्करी ९ मिलिमीटर, ज्यात बसतात ती हत्यारं सामान्य परवानाधारकाला बंद आहेत. १९८० च्या दशकात खासगी आयातही थांबली. उरलं बत्तीस बोअर, म्हणजे साधारण .३२ इंची नळीचं हत्यार. त्याचं .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे काडतूस १८९६ चं. कानपूरची सरकारी .३२ रिव्हॉल्व्हरं वेब्लीच्याच वळणाची. २०१४ मध्ये तिथूनच ‘निर्भीक’ आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पुढे वेब्लीचं नाव घेऊनच उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातही .३२ बनू लागलं. या काडतुसाची ताकद .३५७ च्या जेमतेम पाचवा हिस्सा. धक्का म्हणावा असा धक्काच नाही. तेव्हा ‘रबर धक्का गिळतं’ हा मुद्दा निदान बत्तीस बोअरवाल्यानं बाजूला ठेवावा. निर्भीकसारख्या हलक्या हत्याराला फार तर थोडी सूट.

मग उरतं काय? हाताचं माप आणि इथला पाऊस.

मापाच्या बाबतीत लाकूड पुढे आहे, कारण ते तासता येतं. नेमबाज राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारात नेमबाजांच्या मुठी आजही बहुतेक लाकडीच असतात. कुठे कानस मारत, कुठे लाकडाची पुट्टी भरत त्या तळहाताशी जुळवून घेतात. धक्का नगण्य आणि नेम महत्त्वाचा, तिथे जगभरचे लोक रबराकडे वळले नाहीत, हे बोलकं आहे. रबर जसं साच्यातून आलं तसंच राहतं. शिवाय रिव्हॉल्व्हर शर्टाखाली असेल तर कापड रबराला चिकटून वर सरकतं.

पावसात पारडं फिरतं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात लाकूड ओल धरतं; अक्रोड फुगतो, स्क्रू आवळलेला असेल तर मुठीला भोकापाशी चीर जाते. सह्याद्रीतलं शिसव तेलकट आणि घट्ट, त्यामुळे ते जास्त टिकतं. जवसाच्या तेलाचा पातळ हात दोन्हींना पुरतो, पण आतल्या, पोलादाला टेकणाऱ्या बाजूलाही द्यायचा, जो सगळे विसरतात. अक्रोडाच्या आत स्क्रूभोवती काळं वर्तुळ दिसतं ते तेलाचं नव्हे. लाकडातल्या तुरटपणाची लोखंडाशी गाठ पडून ते होतं. आपल्याकडे चपलांचं कातडं हिरडा-बाभळीत कमावतात, त्यातही तोच गुण. म्हणून हत्यार चामड्याच्या म्यानात ठेवून कपाट बंद करणं वाईट. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करतानाही म्यानातून काढूनच द्यावं.

रबराला ओल लागत नाही, हे खरं. पण घाम त्याच्या कडेतून आत शिरतो आणि तिथेच कोंडतो. बाहेरून मूठ ठाकठीक, आत पोलादावर गंज. साफसफाईचं द्रावण सांडत राहिलं तर काही रबरं चिकटही होतात. तेव्हा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा मूठ उतरवून खाली बघायलाच हवं. परवान्याशिवाय हत्यार दुरुस्त करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बसत नाही. म्हणून मूठ बदलायची वा तासून घ्यायची असेल तर हत्यार उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नको, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच न्यावं.